दुरुस्तीचा धर्म

मनुष्य लिहितो तेथे चुकतो, आणि चूक ध्यानात आली म्हणजे ती दुरुस्त करतो. यात नवल काहीच नाही. परंतु ही दुरुस्ती कशी करावी, ती वाचकास कळू द्यावी की न कळू द्यावी, हा प्रश्न केवळ लेखनाच्या सोयीचा नसून नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. हल्ली घरोघरी संगणक आले आहेत, लहानमोठ्या संस्थांची संकेतस्थळे झाली आहेत, आणि त्यांवरील मजकूर लिहिण्याबदलण्याचे काम बहुधा आमच्या वयाच्या मुलांकडे येते. त्यामुळे जो प्रश्न एके काळी लेखनिक आणि पंडित यांच्यापुरता होता, तो आता सर्वांच्या दाराशी आला आहे. वडीलधाऱ्या वाचकांची अनुज्ञा घेऊन त्याचा थोडा विचार येथे करीत आहोत.

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना पानावरील पिवळे ठिपके आठवत असतील. चुकीचे अक्षर पडले म्हणजे लेखनिक त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत आणि त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. एखादा शब्द गळला असेल तर ओळीत काकपदाची खूण करून तो समासात लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातलाच. आज त्याचा अर्थ एखादी गोष्ट पार नाहीशी करणे असा आपण घेतो. पण खरा हरताळ इतका निष्ठुर नव्हता. तो चुकीचे अक्षर झाकी, मात्र आपला डाग मागे ठेवी. येथे काही चुकले होते व ते कोणीतरी सुधारले आहे, एवढे तो डाग पुढील वाचकास प्रामाणिकपणे सांगे. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण हे शोधन केले असल्याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटी कालनिर्देशासह करून ठेवली. एवढ्या अधिकारी पुरुषानेही आपली दुरुस्ती लपविली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता संगणकाकडे वळू. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली पहिला वेब ब्राउझर तयार केला. त्यात पाने वाचताही येत आणि लिहिताही येत; वाचक आणि लेखक यांच्यात भिंत नसावी, ही त्यामागची कल्पना. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले, ते मुख्यतः वाचण्यापुरतेच राहिले आणि लिहिण्यासाठी निराळी साधने निघाली. 1995 साली फ्रंटपेज आले, 1997 साली मॅक्रोमीडिया कंपनीचे ड्रीमवीव्हर आले. या साधनांची रीत सोपी आहे. संकेतस्थळाच्या पानाची एक प्रत आपल्या संगणकावर असते. ती उघडावी, शब्द बदलावा, जतन करावी आणि दूरच्या सर्व्हरकडे धाडावी. तेथे त्याच नावाची जुनी फाईल असते. नवी तिच्या जागी बसते आणि जुनी नाहीशी होते. डाग नाही, खूण नाही. वाचकाने पान उघडावे तर ते जणू पहिल्यापासून असेच होते, असे त्यास वाटावे.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. चूक गेली, शुद्ध मजकूर आला. वाचकाचे कल्याणच झाले. समजा, एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर उत्सवाची तिथी सप्तमी म्हणून छापली गेली. बडोद्याच्या एका वृद्ध गृहस्थांनी ती वाचली, आगगाडीची तिकिटे काढली, लेकीसुनांना कळविले. आठ दिवसांनी कोणाच्या तरी ध्यानात आले की उत्सव अष्टमीस आहे. त्याने गुपचूप शब्द बदलला. वृद्ध गृहस्थ सहकुटुंब येऊन पोहोचले आणि सप्तमी छापली होती असे म्हणू लागले, तेव्हा कार्यालयातील मुलाने पान उघडून दाखविले : "आजोबा, येथे तर अष्टमीच आहे. तुमच्या वाचण्यात काही चूक झाली असेल." आता त्या गृहस्थांनी काय करावे? त्यांच्याजवळ पुरावा नाही. घरची माणसे त्यांच्याकडे पाहतात. शेवटी तेही आपल्या डोळ्यांवर आणि स्मरणावर संशय घेऊ लागतात.

आमच्या मते खरा अपराध येथे आहे. चुकीची तिथी छापणे हा प्रमाद. तो कोणाच्याही हातून घडेल. परंतु मूक दुरुस्तीने तो प्रमाद लेखकाच्या पदरातून काढून निरपराध वाचकाच्या पदरात टाकला. लेखक निर्दोष ठरला आणि खरे बोलणारा मनुष्य विसराळू ठरला. हे कोणी मुद्दाम केले नाही हे खरे. पण न कळत केलेल्या अन्यायाची झळ कमी लागते असे नाही.

मग प्रत्येक काना-मात्रेची दुरुस्ती जाहीर करीत बसावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. त्याने पान टीपांनी भरून जाईल आणि महत्त्वाची दुरुस्ती बिनमहत्त्वाच्या गर्दीत हरवेल. एक साधी कसोटी पुरेशी आहे : पूर्वीच्या मजकुरावर विसंबून कोणी काही केले असेल काय? ऱ्हस्वाचा दीर्घ केला तर कोणाचे काही बिघडत नाही. तो खुशाल मुकाट्याने करावा. परंतु तारीख, रक्कम, नाव, नियम, कोणाविषयी केलेले विधान, यांपैकी काही बदलले, तर त्याच पानावर एक ओळ लिहावी : पूर्वी येथे अमुक छापले होते, ते अमुक दिवशी सुधारले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही गोष्टींचा डागसुद्धा राहू नये अशा असतात. एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक, आजाराची माहिती किंवा बदनामीकारक मजकूर चुकून प्रसिद्ध झाला, तर 'पूर्वी येथे अमुक होते' असे सांगणे म्हणजे तीच इजा पुन्हा करणे होय. भारतात 2023 साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यातही माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा व्यक्तीचा हक्क मानला आहे. अशा वेळी मजकूर समूळ काढावा. मात्र काही मजकूर काढला आहे, एवढे सांगण्यास अडचण नसावी. हरताळाचा नियम हाच होता : खालचे अक्षर झाकलेले, झाकल्याची खूण उघडी.

कोणी म्हणेल, ही खूण ठेवण्याचे काम यंत्रावरच सोपवावे. विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास पाहता येतो. कोणता शब्द केव्हा बदलला ते तेथे राहते. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने 2001 साली सर्वांस खुल्या केलेल्या संग्रहात असंख्य जुनी पाने सापडतात. ही कामे थोर आहेत. परंतु त्या संग्रहात पानांच्या प्रती मधूनमधून घेतल्या जातात. दोन प्रतींच्या मधला बदल निसटतो. शिवाय सामान्य वाचकाने आपला खरेपणा सिद्ध करण्यासाठी दप्तरे धुंडाळीत फिरावे, हे न्यायाचे नव्हे. ज्याने शब्द बदलला, त्यानेच सांगावे.

एक प्रश्न उरतो तो खाजगी टिपणांचा. 2003 साली वननोट आले, 2020 साली ऑब्सिडियन. 2004 सालच्या टिडलीविकीत तर वही आणि संकेतस्थळ एकाच फाईलीत नांदतात. या वहीत आपल्यावाचून दुसरा वाचक नाही. तेथे कोणाची फसवणूक होणार? आमचे उत्तर असे की, तेथेही एक वाचक असतो, तो म्हणजे दहा वर्षांनंतरचे आपण. एखाद्या माणसाविषयी आपण वहीत कठोर मत लिहिले आणि पुढे ते खोटे ठरले, तर ते पुसून टाकण्याचा मोह होतो. पुसले की आपण नेहमीच शहाणे होतो असे वाटू लागते, आणि दुसऱ्याच्या चुकीची क्षमा करण्याची बुद्धी मंदावते. जुने मत तसेच ठेवून त्याखाली तारीख घालून नवे लिहावे. त्यास दोन ओळी लागतात.

साधने बदलत राहतील. ज्यांच्या हाती आज हे काम आहे, त्यांनी कोणतेही साधन वापरावे. परंतु शब्द बदलण्यापूर्वी तो कोणी खरा मानून चालले असेल काय, हे क्षणभर मनात आणावे, आणि तसे असेल तर एक ओळ अधिक लिहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.