सोडलं की सुटलं?

'सोडलं' आणि 'सुटलं' हे शब्द दिसायला सख्खे भाऊ. पण दोघांच्या अब्रूत फार फरक. सिगारेट सोडलेला माणूस ती हकीकत चारचौघांत मान ताठ करून सांगतो; पोट सुटलेला माणूस शर्ट बाहेर काढून हिंडतो. मी क्लॅरिनेट सोडलं की ते माझ्याकडून सुटलं, हा प्रश्न गेलं वर्षभर मला छळतो आहे.

आम्ही सात-आठ हौशी मंडळी दर रविवारी सकाळी पिंपरीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमून वाजवतो. त्यात क्लॅरिनेटवाले तिघे, आणि तिघांनाही चालच वाजवायची असे. सार्वजनिक मंडळात अध्यक्ष व्हायला सगळे तयार आणि सतरंजी अंथरायला कुणी नाही, तसलं ते संगीत.

चाकणला पूर्वी कांदे उतरत. आता कांद्यांबरोबर जर्मनही उतरतात. तिथल्या एका कारखान्यातला असाच एक इंजिनिअर काही महिने आमच्यात वाजवायला येत असे. मायदेशी परतताना सामान जड होतं म्हणून त्यानं आपलं बेस क्लॅरिनेट आम्हाला देऊन टाकलं.

हे क्लॅरिनेटचं थोरलं भावंड. क्लॅरिनेट १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिरानं घडवलं. त्याचं खर्जातलं रूप पुढे अनेकांनी करून पाहिलं. पण त्याला नीट घाट दिला तो आडॉल्फ साक्स ह्या बेल्जियन माणसानं, १८३८ मध्ये. सॅक्सोफोनला ज्याचं नाव मिळालं तोच हा. वाद्याचा गळा धातूचा आणि वाकवलेला, तोंड वर वळलेलं, जमिनीवर टेकायला खाली खुंटी. गंमत अशी, की बोटं बहुतेक तीच, कागदावर स्वरही पूर्वीसारखेच लिहिलेले. आवाज मात्र एक सप्तक खाली. म्हणजे हुद्दा तोच, पगार तोच, फक्त टेबल तळघरात.

"हे कोण वाजवणार?" असा प्रश्न निघताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं व्यक्तिमत्त्व तसं भारदस्तच आहे," एक जण म्हणाला. बँकेत माणसाला आडगावच्या शाखेत पाठवताना हीच भाषा वापरतात.

खरं कारण सर्वांना ठाऊक होतं. चाळिशी ओलांडल्यापासून वरचे सूर मला लागेनासे झाले होते. लागलेच तर ऐकणाऱ्याला लागत. शिवाय अकरावीतली एक मुलगी नुकतीच आमच्यात आली होती. ती वाजवू लागली की आम्ही तिघं नकळत थांबायचो. तरीही मी चेहरा गंभीर करून म्हणालो, "नव्या पिढीला वाव द्यायलाच हवा!" टाळ्या पडल्या. मुलगी वाकून पाया पडली. "काका, तुम्ही माझ्यासाठी जागा सोडलीत." मी आशीर्वाद दिला. दुसऱ्याची रक्कम चुकून आपल्या खात्यात जमा व्हावी आणि आपण गुपचूप पासबुक मिटावं, तसं ते झालं.

त्या रात्री झोप लागेना. राज्य सोडून राजा वनात गेला तर त्याला वैराग्य म्हणतात. पण राज्य गेल्यावर त्यानं कफनी शिवून घेतली तर त्याला काय म्हणायचं? एक मन म्हणे, मुलीला जागा मिळाली ना? मग झालं. दुसरं मन म्हणे, रक्कम योग्य ठिकाणी पोचली म्हणून स्लिपवरची खोटी सही खरी होत नाही.

मी दाखले शोधू लागलो. सनईवाल्यांत एक जण चाल वाजवतो आणि मागचा नुसता सूर धरून बसतो. लग्नात त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण त्याचा सूर थांबला की पुढच्याची चाल उघडी पडते. देहूही आम्हाला फार लांब नाही. पुढे गाणाऱ्यांचं धृपद आपण मागे उभं राहून धरलं, असं तुकाराम महाराजांनीच आपल्या अभंगात सांगितलं आहे. मला धीर आला. मग लक्षात आलं, की महाराज आधी मागे उभे राहिले आणि नंतर पुढे आले. माझा प्रवास बरोबर उलटा!

शेवटी उत्तर वाद्यानंच दिलं. क्लॅरिनेटच्या सवयीनं जबडा आवळून फुंकलं की बेस क्लॅरिनेट किंचाळतं. त्याला जबडा सैल लागतो आणि श्वास भरपूर. माझी सवय वीस वर्षांची, आवळण्याची. दोन महिने ते किंचाळत राहिलं आणि सोसायटीतली कुत्री त्याला साथ करत राहिली. मग एका रविवारी जबडा आपोआप सैल पडला आणि खालून असा सूर आला की मांडीखालची खुर्ची थरथरली. तेव्हा उमगलं, की चाल हातातून केव्हाच सुटली होती. दातांनी ती अजून सोडली नव्हती. सुटणं एका दिवसात होतं आणि त्यात आपलं कर्तृत्व काहीच नसतं. सोडणं मात्र मागाहून करता येतं, हप्त्याहप्त्यानं. थकबाकीदारालाही ती सवलत आहे.

पहिला हप्ता म्हणून मुलीला सांगून टाकलं, "अगं, जागा मी सोडली नव्हती. माझ्याकडून सुटली होती."

"माहीत होतं, काका."

"मग पाया का पडलीस?"

"आईनं सांगितलं होतं." आणि क्लॅरिनेट पुसता पुसता म्हणाली, "मागच्या रविवारी तुम्ही आला नव्हता ना, तेव्हा वर जाताना भीती वाटली. खाली कुणीच नव्हतं."

घरी येऊन बायकोला विचारलं, "मी आत वाजवतो ते तुला स्वयंपाकघरात ऐकू येतं का गं?"

"फ्रिजसारखं आहे तुमचं," ती म्हणाली. "चालू असताना कळत नाही. बंद पडलं की कळतं."

चाल वाजवत होतो तेव्हा एवढी दाद मला कुणी दिली नव्हती.