चिठ्ठी, तिकीट आणि मैसिर

जुगार हराम आहे, हे मुसलमानाच्या घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. दारूच्या जोडीने हा शब्द त्याच्या कानावर पडतो आणि विषय तिथेच संपतो. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या बाबतीत तो इतक्या लवकर संपत नाही. बायबलमध्ये जुगाराला नाव घेऊन सरळ मनाई केलेली नाही. मग ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने जुगार पाप आहे की नाही? हा त्यांचा प्रश्न, त्यात आपण कशाला पडायचे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, पडावे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तयार मिळाले आहे, त्यावर विचार करण्याची सवय आपल्यात फारशी उरलेली नाही.

बी.एड.च्या वर्गात माझी नाशिकरोडची एक कॅथलिक मैत्रीण होती. चर्चच्या जत्रेसाठी रॅफलची तिकिटे विकत होती. मी पन्नास रुपये दिले, तिकीट घेतले नाही. ती म्हणाली, "हे पैसे गरिबांच्या औषधपाण्याला जाणार आहेत. पैसे चालतात, मग तिकिटात वाईट काय?" मी म्हटले, आमच्यात हराम आहे. "ते कळलं गं. पण का?"

हा "का" सोपा नाही. नशिबावर सोडणे हेच वाईट, असे म्हणावे, तर ते ना त्यांच्या ग्रंथात टिकते ना आपल्या. यहूदाची जागा रिकामी झाली, तेव्हा येशूच्या शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून मत्तियाची निवड केली. क्रूसाखाली रोमी शिपायांनीही येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्याच टाकल्या. कृती एकच, पण एक पवित्र आणि दुसरी वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याकडे हजरत मरियमचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवण्यासाठी कलमे टाकली गेली, हजरत युनूस (अ.) यांच्या किश्श्यातही चिठ्ठी आहे. हज कमिटी दरसाल कुर्रा काढते, त्याला कोणी जुगार म्हणत नाही. चिठ्ठी निर्दोष आहे. दोष आहे तो समोरच्याच्या हरण्यावर आपले मिळवणे उभे करण्यात.

ख्रिस्ती विचार इथूनच दोन वाटांनी गेला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा नियम केला. त्याने खेळ सोडला, तर वर्षभराने त्याला परत घ्यावे, असेही त्याच नियमात आहे. पुढे अठराव्या शतकात मेथॉडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी पैशावरच्या प्रवचनात जुगाराचा संबंध थेट शेजारधर्माशी जोडला. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करणाऱ्याला त्याची मिळकत खेळात गिळता येणार नाही, असा त्यांचा आशय. त्यांच्या अनुयायांना पुढे अनेक पिढ्या चर्चसाठीची रॅफलही चालली नाही.

कॅथलिकांची वाट वेगळी आहे. १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार नशिबाचे खेळ किंवा पैजा स्वतःहून अन्यायकारक नाहीत. माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचे त्यात जाऊ लागले, म्हणजे ते अनैतिक. खेळाचा नाद माणसाला गुलाम करू शकतो, असा इशाराही तिथे आहे. म्हणूनच गोव्यातल्या चर्चच्या जत्रेत हाउजी चालते आणि तेच चर्च मांडवीतल्या कॅसिनोंना विरोध करते. बाहेरून पाहणाऱ्याला यात ढोंग दिसते. त्यांच्या कसोटीवर ते ढोंग नाही. दहा-वीस रुपयांच्या तिकिटाने कोणाची चूल विझत नाही.

ही कसोटी मला आवडते, हे सांगून टाकते. ती खेळाकडे न बघता ताटाकडे बघते. आपल्या सरकारांनी तेवढेही पाहिलेले नाही. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. तरी १९६९ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली, कारण लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून वळवायचे होते. १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर जुगाराला वाट दिली आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी केली. म्हणजे नुकसान होते हे मान्य, फक्त ते पाहुण्याचे व्हावे! वेस्लींनी याला काय म्हटले असते कोण जाणे.

पण कॅथलिक कसोटीत एक अडचण आहे. गरज कुठे संपते आणि उरलेले कुठे सुरू होते, हे ठरवणारा कोण? खेळणारा स्वतःच. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन आठवडे आला नाही, म्हणून मी घरी निरोप पाठवला, तेव्हा त्याची आई शाळेत आली. नवरा मोबाइलवर रमी खेळत असे. सुरुवातीला खरोखरच घरखर्च भागवून उरलेले लावी. मग किराण्याचे पैसे गेले, मग मुलाच्या रिक्षाचे. तो तिला फसवत होता असे तिला वाटत नव्हते. उद्या परत येणारच आहेत, या हिशेबाने त्याच्या लेखी ते पैसे गेलेलेच नव्हते. ज्याच्या हाती तराजू द्यायचा, त्याचीच नजर हा खेळ आधी फिरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला, तो बहुधा याच अनुभवातून.

मैत्रिणीच्या "का"चे उत्तर मला मैसिरच्या इतिहासात मिळाले. इस्लामपूर्व अरब उंट कापून त्याच्या मांसावर बाणांनी जुगार खेळत आणि जिंकलेले मांस गोरगरिबांना वाटून टाकत. न खेळणाऱ्याला कंजूष समजत. म्हणजे ती त्या काळची रॅफलच होती. सूरह अल-बकरामध्ये मैसिरचे काही फायदे असल्याचे स्पष्ट मान्य केले आहे, आणि तरी पाप फायद्याहून मोठे ठरवले आहे. गरिबाच्या तोंडात पडणारा घास दिसत असताना ही मनाई आली. तराजू खेळणाऱ्याच्या हातात द्यायचाच नाही, असा मी तिचा अर्थ घेते.

हे मी मैत्रिणीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमच्यातला कोणी खेळलाच, तर त्याचं काय करता?" एल्विराचा तो एक वर्षाचा नियम तिनेच मला तेव्हा सांगितला. आपल्या जमातीत अशा माणसाचा चंदा परत करतात, त्याच्या मुलीचे स्थळ मागे जाते. तौबेचे दार उघडे आहे, हे जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या दारापर्यंत त्याला हात धरून न्यायला त्याच्या घरी कोण जातो? त्या मुलाच्या आईने निघताना मला दोनदा सांगितले, "मॅडम, मशिदीतल्या कुणाला हे कळू देऊ नका."