वळण आणि सद्गुण



पाहुणा आला की कुत्र्याचे पिल्लू अंगावर उड्या मारते. आपण ओरडतो, ढकलतो; त्याला तेही लाडच वाटतात. उपाय साधा आहे: उडी मारली की पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ द्यावा. घरातल्या सर्वांनी रोज हेच केले तर पिल्लू शांत राहू लागते.

सद्गुणही सरावाने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटल व संत थॉमस अक्वायनस सांगतात. मग शांत पिल्लू सद्गुणी म्हणावे का? नाही. ते खाऊसाठी थांबते. माणूस चांगले ओळखून, बक्षीस नसतानाही ते निवडू शकतो.

मुलांना केवळ चॉकलेट किंवा धाक दाखवून मिस्साला गप्प बसवले, तर वळण लागेल, भक्ती नाही. सुरुवात वळणानेच होते. पण ‘का’ हेही त्यांना प्रेमाने सांगू या.

आपला धर्मगुरू