दोराची चिंता

उंटाची हदीस आपल्या समाजात कुणाला सांगावी लागत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले आणि आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर त्याला मिळाले. गेल्या दोन महिन्यांत ही हदीस आम्हाला किमान दहा जणांनी ऐकवली. कोंढव्यातल्या आमच्या घरी जो कुणी येतो, तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता ती सांगतो. आमच्या पाठीवर शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि आम्ही घाबरलो आहोत, ही बातमी आता सगळ्या नात्यागोत्यात पसरली आहे.

कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे. दोन्ही मणक्यांत टायटॅनियमचे मिळून चार स्क्रू बसवायचे, ते दोन सळ्यांनी जोडायचे आणि मधे हाडाचे तुकडे भरायचे, असा बेत आहे. आमचे वय अजून चाळिशीच्या आत. वर्गात उभे राहून शिकवणे हाच आमचा धंदा, पण गेले वर्षभर खुर्चीवर बसून शिकवतो. मशिदीत सफीच्या टोकाला बुजुर्गांच्या शेजारी खुर्ची टाकून नमाज पढतो. कपाळ जमिनीला टेकवून वर्ष झाले. शस्त्रक्रिया करून घ्यायचीच, यात आता शंका राहिलेली नाही.

भीती वेगळीच आहे. स्क्रू ढिला झाला तर? सळी तुटली तर? पुन्हा पाठ उघडावी लागली तर? म्हणजे उंट बांधायला आम्ही तयार आहोत, पण दोरच कुजका निघाला तर काय करायचे? हदीस ऐकवणाऱ्यांना आम्ही हे विचारून पाहिले. बहुतेकांनी, असे वाईट बोलू नये, म्हणून विषय बदलला. अम्मी म्हणाल्या, "बेटा, अल्लाह पर भरोसा रख. ज्यादा सोचनेसे ईमान कमजोर होता है."

अम्मींना उलट बोलण्याची आमची रीत नाही. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिले. चिंता करणे हा खरोखरच ईमानचा कमकुवतपणा आहे का? बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात चिंतेवर टीप लिहून आम्ही गुण मिळवले होते. ती टीप आता काही उपयोगाची नाही.

इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये तवक्कलवर सविस्तर लिहिले आहे. साधनांच्या त्यांनी पायऱ्या केल्या आहेत. काही साधने निश्चित असतात. समोर अन्न असताना हात पुढे न करणे याला ते तवक्कल म्हणत नाहीत, वेडेपणा म्हणतात. काही साधने संभाव्य असतात आणि औषधोपचार त्यांत येतो. उपचार करून घेतल्याने तवक्कलला बाध येत नाही, पण उपचार म्हणजे खात्रीही नव्हे. नऊशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने आमच्या स्क्रूला नेमक्या खान्यात बसवले आहे. जे संभाव्य आहे त्याच्याकडून आम्ही निश्चिताची हमी मागत होतो. पहाटे दोन वाजता जाग आणणारी चिंता तीच होती. ती कुणाला काही विचारत नाही, नुसती हमी मागते.

दिवसाची चिंता मात्र निराळी निघाली. ती विचारायला लागली, की हे स्क्रू तुटतात तरी का? तेव्हा डॉ. पॉल हॅरिंग्टन यांची हकीकत समजली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये १९५०च्या दशकात पोलिओमुळे ज्यांची पाठ वाकडी झाली होती, अशा मुलांच्या कण्याला त्यांनी पोलादी सळ्यांचा आधार द्यायला सुरुवात केली. पाठ सरळ व्हायची, पण पुढे आकडे निसटायचे, सळ्या तुटायच्या. माणूस उठतो, बसतो, वाकतो, आणि प्रत्येक हालचालीचा ताण धातूवर पडतो. तार वाकवून वाकवून तुटते, तसाच हा प्रकार. मग त्यांनी सळीबरोबर हाडही जोडायला घेतले. १९६२ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हापासून कण्याच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे, की ही एक शर्यत असते. धातू थकण्याआधी हाड जुळले तर जिंकलो. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागते. जुळलेच नाही, तर उत्तमातला उत्तम स्क्रूही कधी ना कधी हार मानतो.

हे वाचून भीती वाढायला हवी होती, पण ती कमी झाली. कारण दोर स्क्रूचा नसून हाडाचा आहे आणि हाड आमचेच आहे, हे कळले. साखर वाढली की हाड जुळायला वेळ लागतो. तंबाखूतले निकोटीन हाडाला जुळू देत नाही. दवाखान्याच्या बाकावर बारामतीकडचे एक काका आमच्या शेजारी बसले होते. त्यांची ही दुसरी शस्त्रक्रिया. पहिल्या वेळचे दोन स्क्रू दीड वर्षात तुटले. रागाचा लवलेश नव्हता त्यांच्या बोलण्यात. म्हणाले, "आमचीच चूक मास्तर, तंबाखू सुटली नाही." आम्ही विचारले, पहिल्या वेळी तंबाखूबद्दल कुणी बजावले नव्हते का? थोडा विचार करून म्हणाले, "नाही बुवा. आणि आपण तरी कशाला विचारतोय!"

त्या "कशाला विचारतोय" वर आम्ही पुष्कळ दिवस अडकलो आहोत. प्रश्न न विचारण्याला आपण नम्रता म्हणतो, सब्र म्हणतो. आमच्या वर्गातली मुलेही "समझ में आया?" म्हटले की एका सुरात "जी सर" म्हणतात. कुणाला समजले नाही, ते चाचणीच्या दिवशी कळते.

आता दोर वळणाऱ्याविषयी. त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा होता. जॉन्सन अँड जॉन्सनचीच ही कंपनी. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांची देशभराची नोंदवही ऑस्ट्रेलियात १९९९ पासून ठेवली जाते. हा सांधा फार जणांना पुन्हा बदलावा लागतो आहे, हे त्या वहीतून दिसले आणि तिथे तो २००९ साली बाजारातून गेला. जगभरातून तो ऑगस्ट २०१० मध्ये परत बोलावला गेला. आपल्याकडे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार केली. पुढे केंद्राने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ साली तिचा अहवाल उघड झाला, तेव्हा त्यातले साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण सापडतच नव्हते. शरीरात काय आहे, हे कुणी लिहून ठेवले नव्हते.

त्या साडेतीन हजारांतल्या कित्येकांचा खुबा दुखत असेल आणि घरचे म्हणत असतील, सब्र करो. दोर कुजका असेल तर त्याचा हिशेब दोर वळणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून घ्यायचा असतो. दुखणाऱ्या माणसाच्या ईमानची झडती घेतली, की खरा जबाबदार माणूस मागच्या दाराने निघून जातो. एवढे आम्ही अम्मींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो फिर पूछ ले डॉक्टरसे. पूछनेमें क्या गुनाह है?"

म्हणून पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिले. स्क्रू कोणत्या कंपनीचा? त्याच्या पाकिटावर क्रमांकाची चिकटपट्टी असते, तिची प्रत आम्हाला मिळेल का? स्क्रू ढिला झाला तर कसे कळेल, आणि कळले तर दर वेळी पाठ उघडावीच लागते का? हाड कुठले घेणार? गाडीवर कधी बसायचे? पत्नीने वही ओढून घेऊन शेवटी आणखी एक प्रश्न उर्दूत लिहिला.

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. चिकटपट्टी फाईलमध्ये लावतोच, तुम्हालाही देऊ, म्हणाले. ढिल्या स्क्रूभोवती एक्स-रेमध्ये काळसर कडा दिसते, पण ती दिसली म्हणून प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, हेही त्यांनी सांगितले. स्क्रू टिकेलच का, या प्रश्नावर मात्र ते स्पष्ट बोलले, "शंभर टक्के मी सांगणार नाही. जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका." त्या रात्री आम्ही फजरपर्यंत झोपलो. त्यानंतरच्या सगळ्या रात्री तशा गेल्या असे नाही. परवा पुन्हा दोनला जाग आली होती.

पत्नीचा प्रश्न आम्ही मराठीत करून वाचून दाखवला. सजदा कधी करता येईल? डॉक्टरांना शब्द माहीत नव्हता. आम्ही खुर्चीतून उठून, दुखत होते तरी, जमेल तेवढे वाकून दाखवले. ते पाहत राहिले. मग आमच्या वहीवर त्यांनी स्वतःच्या पेनाने त्या प्रश्नापुढे लिहिले, "सहा महिन्यांनी, एक्स-रे बघून."