शाळेचं वर्ष आणि उसाचं वर्ष

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांत शाळेचं अंतर ठरवून दिलं गेलं. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत. डोंगरातल्या पाड्यावर किंवा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या मुलांसाठी हा नियम फार मोलाचा आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची भाषा होते, तेव्हा तर तो घट्ट धरून ठेवायला हवा. पण बीड, जालना, परभणी आणि पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हे मोजमाप पुरत नाही. त्यांच्या गावात शाळा असते, बहुतेकदा घरापासून हाकेच्या अंतरावर. शिक्षक असतात, फळा असतो, दुपारची खिचडी असते. जूनमध्ये मूल शाळेत जायला लागतं. दसरा-दिवाळी होते, टोळ्या निघतात आणि ते आईबापाबरोबर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाकडे जातं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततं, तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची तयारी चाललेली असते. शाळा जागेवरच होती आणि मूल तिच्याच गावचं होतं. त्यांची गाठ पडली नाही, कारण शाळेचं वर्ष आणि उसाचं वर्ष एकमेकांना छेदून जातात.

प्राथमिक शिक्षण पोचवणं म्हणजे शाळा जवळ आणणं, असं आपण इतकी वर्षं समजत आलो. गरिबाच्या मुलाला शाळेपासून तोडतो तो मात्र पुष्कळदा काळ. कुठे वर्षातले पाच-सहा महिने हातचे जातात, कुठे दिवसातले नेमके सकाळचे तास.

ही गोष्ट महाराष्ट्राला १८८२ मध्येच सांगून झाली आहे. जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातली बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत याचं कारणही आहे. घरी दारिद्र्य असतं आणि गुरं राखायला, शेत सांभाळायला मुलं लागतात. म्हणून त्यांनी मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं देण्याचा आग्रह धरला. मुलाच्या दिवसाला घरात किंमत आहे आणि शाळा तो दिवस मागते तेव्हा त्याची भरपाई तिने केली पाहिजे, इतकी सरळ ही भूमिका होती. पुढे १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण त्याआधी १९०१ पासून त्यांनी वसतिगृहंही उभी केली होती. मुलाने शिकायचं तर त्याला राहायला, जेवायला जागा लागते हे त्यांनी ओळखलं होतं. नंतरच्या राज्यकर्त्यांना त्यांच्या कामातली सक्ती जितकी आठवली, तितकी वसतिगृहं आठवली नाहीत, असं मला वाटतं.

या प्रश्नाला सगळ्यात धीट उत्तर दिलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी काम मांडलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात. त्यांनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ म्हणून अंगणवाडी सुरू झाली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरली. दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्री वर्ग चालले. मुलाचा दिवस आहे तसा मान्य करायचा आणि शाळेला त्यात बसवायचं, हे धैर्य मोठं होतं. अंगणवाडी देशाने उचलली, तिची योजना झाली. कुरणशाळा मात्र एका टेकडीवरचा प्रयोग म्हणून राहिली. माझ्या मते ऊसतोडीच्या मुलांसाठी आज जे करायला हवं, त्याचा धागा त्या कुरणशाळेत आहे.

फडावरच्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल दोघांच्या नावावर असते. पहाटे अंधारातच दोघं फडात जातात. मागे कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकटं भावंड असतं आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. तिने पाणी आणायचं, भाकरी करायची, झोळीतल्या बाळाला झोका द्यायचा. जवळच्या गावात शाळा असते, कायद्याने तिला तिथे प्रवेश आहे, दाखला नाही म्हणून कुणी तिला अडवू शकत नाही. पण बाळाला कुणाकडे ठेवून ती जाणार? थोडा मोठा मुलगा असेल तर तो मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो. कर्नाटकात गेलेल्या टोळीतलं मूल शाळेत पोचलंच, तर फळ्यावर कानडी असतं.

पहिलीतल्या मुलाचं नुकसान सगळ्यात मोठं. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत अक्षरओळख होते, काना-मात्रेपर्यंत गाडी येते. आता अक्षरं जोडून शब्द वाचायचे, एवढ्यात घर हलतं. लिपी हातात बसायला सराव लागतो आणि तो तुटतो तो नेमका इथे. एप्रिलात परतलेल्या मुलाला निम्मी अक्षरं पुन्हा ओळखावी लागतात. जूनमध्ये ते दुसरीत बसतं, नाव पटावर असतं. चौथी-पाचवीपर्यंत हेच चालतं. मग एक दिवस वर्गात आपल्याला वाचता येत नाही ही लाज मोठी होते आणि फडावरचं काम सोपं वाटू लागतं. मुलगी असेल तर वयात येताना तिला गावी एकटं ठेवायला आईबाप धजत नाहीत. लग्न लवकर उरकलं जातं आणि नवा कोयता तयार होतो.

पटावरच्या नावांनी आपण फार काळ समाधान मानलं. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली ६ ते १४ वयाची सुमारे ९८ टक्के मुलं शाळेत दाखल होती. त्याच पाहणीत सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ४५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास होती आणि नंदुरबारची सुमारे ६४. नंदुरबारमधूनही कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर हंगामी कामांना बाहेर जातात.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या, काही फार तळमळीने. शिक्षणहक्क कायदा आल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवं असा आग्रह धरला गेला आणि त्या मागे पडल्या. तो आग्रह तत्त्व म्हणून योग्य होता, पण कोपीपासून नियमित शाळेपर्यंतची वाट कुणी बांधली नाही. मूल जिथे जाईल तिथे त्याला वर्गात घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. गावी आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. ही सगळ्यात शहाणी योजना, कारण तिच्यात मूल आपल्याच शाळेत राहतं. मात्र तिची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हातात असली पाहिजे. दिवाळीनंतर आलेल्या मंजुरीचा उपयोग काय? मूल तोवर दोनशे किलोमीटरवर गेलेलं असतं.

याच कायद्याच्या कलम ९ मध्ये आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, आणि शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणंही त्याचंच काम आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं एवढं कायदा सांगतो. ते दिवस कोणत्या महिन्यांत भरवायचे हे ठरवायला जागा आहे. ज्या तालुक्यांतून निम्मी कुटुंबं तोडीला जातात, तिथे एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना सकाळच्या थंड वेळेत वाचनाचे वर्ग आणि पावसाळ्यात जास्त तासांची शाळा देता येईल. अडचणी आहेत. मराठवाड्यातला मे महिना पत्र्याच्या वर्गात बसण्यासारखा नसतो, मागे राहिलेल्या मुलांचं वर्षही सांभाळायचं असतं, शिक्षकांच्या सुट्ट्यांचा प्रश्न आहे. पण हे सगळे प्रश्न बसून सोडवण्याजोगे आहेत. सबंध राज्याला एकच वेळापत्रक असलं पाहिजे हा प्रशासनाच्या सोयीचा भाग आहे. त्या सोयीची किंमत आज सात वर्षांचं मूल देतं.

आणि शेतकऱ्याच्या पोराचा दिवस घरासाठी मोलाचा असतो हे फुल्यांनी सांगितलं होतं, तर त्या बहिणीच्या दिवसाचं मोल कुणी द्यायचं? तिने कोपीत थांबून सांभाळलेल्या बाळामुळे तिची आई फडात ऊस तोडू शकते आणि त्या उसावर कारखाना चालतो. तेव्हा तळावर पाळणाघर चालवणं ही कारखान्याची जबाबदारी आहे; तिला दानधर्म समजू नये. कारखान्याकडे टोळीचा करार असतो, मुकादमाचं नाव असतं, किती कोयते येणार आणि किती उचल गेली याची नोंद असते. त्या कोयत्यांबरोबर किती मुलं येणार, कोणत्या वयाची, कोणत्या इयत्तेतली, हा रकाना त्या कागदात घालायला फार खर्च येत नाही. दर हंगामाला साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. मुलांची ही यादी, जवळच्या शाळेचं नाव आणि पाळणाघराची जागा त्या अर्जासोबत जोडणं बंधनकारक करावं आणि यादीची एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला टोळ्या पोचण्याआधी मिळावी.