‘राइट’ म्हणजे काय?



इंग्रजीतील ‘राइट’ हा शब्द आपल्या घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. उत्तर बरोबर आले की ते राइट. उजवा हात तो राइट. काटकोन तो राइट अँगल. आणि माणसाचा हक्क, तोही राइटच. एकाच शब्दात इतके अर्थ कसे नांदतात?

या सर्वांचे मूळ ‘सरळ’ या अर्थात आहे. लॅटिनमधील ‘रेक्टस’, संस्कृतातील ‘ऋजु’ आणि पालीतील ‘उजु’ हे या शब्दाचे भाईबंद होत. संघवंदनेत आपण ‘उजु’ नित्य उच्चारतो. मराठीतील ‘उजवा’ हाही त्याच कुळातला.

परंतु उजवा सरळ ठरला, तेव्हा डाव्याच्या वाट्याला काय आले? इंग्रजी ‘लेफ्ट’चा जुना अर्थ दुबळा असा आहे. लॅटिनमधील डावा तो ‘सिनिस्टर’. इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ दुष्ट, अशुभ असा झाला. डाव्या हाताने कोणता अपराध केला होता? जन्माने मिळालेल्या गोष्टीला गुण किंवा दोष ठरविण्याची ही खोड आपल्या चांगल्या परिचयाची आहे.

आता हक्काचा विचार करू. ‘हक्क’ हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ सत्य असाही आहे. ‘अधिकार’ या शब्दाचा इतिहास मात्र निराळा. धर्मशास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता, आणि ती वर्ण पाहून ठरे. शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, असे शास्त्रकारांनी सांगितले. अधिकार कुणीतरी द्यावा लागे. हक्क माणसाचा असतोच.

पण ज्याला हक्क म्हणतात ते प्रत्येक वेळी सरळ असते काय? महार वतन हाही कागदोपत्री हक्कच होता. त्या हक्काने आपल्या वाडवडिलांना गावाच्या राबणुकीला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले. म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. उलट, महाडचे चवदार तळे तेथील नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते. हक्क कागदावर होता, पण ओंजळीत पाणी नव्हते. त्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.

तेव्हा हक्काची कसोटी कोणती? जो हक्क सर्वांना दिला तरी सरळच राहतो, तो खरा हक्क. जो टिकविण्यासाठी दुसऱ्याला वाकवावे लागते, तो हक्क नव्हे, ती मिरासदारी होय.

अष्टांगिक मार्गातील ‘सम्मा’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतरही ‘राइट’ असेच करतात. तेथे मागणी नाही, आचरण आहे. म्हणून सभेत हक्काची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने घरी परतल्यावर स्वतःला विचारावे: माझ्या मुलीला मुलाइतके शिकू दिले काय? सुनेला तिच्या कमाईवर हक्क आहे काय? पत्नीचे मत घरात मोजले जाते काय? तेथे आपण वाकडे वागत असू, तर जगाकडे सरळपणा मागण्याचे बळ आपल्यात कोठून येणार?