मूठभर मका

जरा सावकाश बसा. बाहेर आषाढ लागलाय, घोरावडेश्वराचा डोंगर ढगात बुडालाय आणि सोमाटण्याच्या शिवारातल्या एका पोल्ट्रीत तुमच्यासमोर मक्याचं पोतं उघडं आहे. त्यात कोपरापर्यंत हात घाला. आतला मका गार लागतो की ऊबदार? ऊब लागली, तर आत ओल आहे आणि काहीतरी जगतंय. घाई करू नका. मूठ नाकाशी न्या. कुबट वास येतो का?

आता हातातल्या दाण्याचा विचार करा. बी जन्मते ती उगवण्यासाठी, कोंबडीनं खावी म्हणून नव्हे. म्हणून कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं द्रव्य असतं; ते पोटात गेलं की पिलाचं स्वादुपिंड फुगतं, वाढ खुंटते. सरकीत गॉसिपॉल असतं, त्यानं अंड्याचा बलक हिरवट पडतो. बियांचा हा आपला बचाव आहे, त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. सोयाबीनचं विष नेमक्या आचेनं निघतं. आच जास्त झाली तर पिलाला लागणारं लायसिन हे अमिनो आम्लही जातं, एवढं भान ठेवायचं. गॉसिपॉलला लोहाचं सल्फेट बांधून ठेवतं.

बुरशीचं तसं नाही. दाण्याच्या अंकुराकडच्या टोकाला हिरवट-पिवळी भुकटी दिसते का, पाहा. तिच्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन खाद्य शिजवताना लागणाऱ्या उष्णतेला दाद देत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा कारण सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. पक्ष्याचं यकृत फिकट पडतं, अंडी घटतात, आणि आपण मात्र रोग शोधत बसतो.

इथे थोडं थांबा. किलोभर खाद्यात 20 मायक्रोग्रॅम, एवढीच भारतीय मानकाची मर्यादा. डोळ्याला ते कुठून दिसणार? चांगला दिसणारा दाणाही विषारी असू शकतो. बाइंडर घातला की तो आतड्यात थोडंफार विष धरून ठेवतो, पण त्यानं खराब लॉट चांगला होत नाही. चांगल्या मक्यात बुरशीचा मका मिसळून खपवणं तर सरळ फसवणूकच.

मग हातात काय उरतं? ओल. मावळात चार महिने हवेतच पाणी असतं, तेव्हा पोती जमिनीवर नकोत, फळ्यांवर हवीत आणि भिंतीपासून हातभर लांब. जुनं आधी संपवायचं.

पुढची गाडी आली की पोती उतरवण्याआधी ओलावा मोजा. चौदा टक्क्यांच्या वर भरला तर गाडी परत पाठवा.